हयात की मयत

तलाठ्याचं बोट उताऱ्यावर थांबलं.
"ही आदाक्का भरमू मगदूम. हयात की मयत?"
काका म्हणाले, "मयत लिहा."
"दाखला?"
काकांनी चष्म्याची डबी उघडली,
मिटली.

मला आदाक्का ठाऊक नव्हती.
आमच्या घरात तिचा फोटो नाही, पातळ नाही, भांड्यावर नाव नाही.
फक्त आजी आपली लेकरं मोजताना
चार बोटं उघडायची
आणि अंगठा तसाच आत दाबून धरायची.
मला वाटायचं, सांधा आखडलाय.

आमच्या हरिपुरात पेव उघडायचं तर
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात.
वात तगली तर माणूस उतरतो.
विझली तर तोंड उघडं टाकून बसायचं वर,
कोंडलेली हवा निघेस्तोवर.
हळद आत वर्षं-वर्षं राहते. कीड नाही, ऊन नाही.
हे सगळं मला काकांनीच शिकवलं.

दाखला आणायला मी घाट उतरले.
इस्पितळाच्या कारकुनानं फडक्यानं झटकून
रजिस्टर पुढ्यात ठेवलं. एकोणसाठ साल.
स्त्री. वय अंदाजे बावीस. आणणार : भाऊ.
लक्षणे : रात्री नदीवर जाऊन बसते. विचारल्यास उत्तर देत नाही.
एवढंच.
मीही बसते की संगमावर. मलाही विचारलेलं आवडत नाही.

मग दरसालची एकेक ओळ.
शाई निळी, काळी, मग बॉलपेन.
फरक नाही.
फरक नाही.
फरक नाही.
सदुसष्ट साली कुणा नव्या डॉक्टरचं तिरकं अक्षर :
घरी पाठविण्यास योग्य. नातेवाइकांस रजिस्टर पत्र.
शेजारी टाचणीनं लावलेली पोचपावती,
टाचणी गंजून कागदात उतरलेली.
पावतीवर सही.
'मगदूम'चा म शेपटी काढून वर वळवलेला,
वारसनोंदीच्या अर्जावर गेल्या सोमवारी वळवला होता
अगदी तसा.

त्याखाली अडुसष्ट साल. फरक नाही.

फाटकाजवळ इंदिरा भुवड भेटल्या, निवृत्त आया,
अजून पेन्शनच्या कागदांसाठी फेऱ्या मारणाऱ्या.
"ती होय! हळदवाली म्हणायचो आम्ही तिला.
तांदूळ निवडावे तर तिनंच.
पण दर पावसाळ्याआधी अंगणात उकिडवी बसायची,
तांबडी माती चिमटीत घ्यायची, हुंगायची
आणि म्हणायची, 'ही नव्हं.'
टाकून द्यायची.
दुसरीकडची घ्यायची. 'ही बी नव्हं.'
आम्ही हसायचो. माती ती माती."
मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या,
"तुम्ही कोण तिच्या?"
मी भाची म्हटलं की पुतणी, आता आठवत नाही.
नातं बोलायची सवय नव्हती.

दाखल्यावर सत्त्याण्णव सालातला श्रावण होता.
प्रेत नेण्यास कोणी आले नाही.
त्या श्रावणात मी सांगलीत कॉलेजला होते,
दुपारी भडंग खात होते बहुतेक.

तलाठ्यानं दाखला वाचला, फेरफार लिहिला
आणि तिच्या नावाला दोन्ही बाजूंनी कंस केला.
"खोडत नाही का?" मी विचारलं.
"खोडायचं नसतं ताई. कंस करायचा.
कंसातलं नाव वाचता आलं पाहिजे."

चावडीतून निघालो. काका पुढे, मी मागे.
मातीचं सांगितलं त्यांना.
सहीचं नाही.
ते थांबले. कुणाच्या तरी मळ्यात कायलीखाली जाळ लागला होता,
शिजत्या हळदीचा तो ओला, कडवट वास
रस्ताभर.
त्यांनी डबी उघडली,
चष्मा लावला,
आणि कुठंच बघितलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले.
चहा निवला. दिवस कलला.
मी काही विचारत नव्हते.
पेवाच्या तोंडाशी बसतात तशी
बसले होते नुसती.